लाईट गेल्यावर कोणता सर्व्हर आधी झोपवायचा, आणि परत उठवायचा कधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. जळगावात एका पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात सर्व्हरची खोली आहे. सहा सर्व्हर, एक स्टोरेज, १० केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस, आणि मागच्या अंगणात जनरेटर. पॉवर मॅनेजमेंटचं सॉफ्टवेअर नुकतंच बसवलंय. ऐन मे महिन्यात एका रात्री लाईट गेली, तर डेटाबेसचा सर्व्हर सगळ्यांत आधी बंद झाला आणि त्याच्या जिवावर चालणारे बाकीचे मागाहून. लाईट आल्यावर तीन सर्व्हर उठलेच नाहीत. आता 'सर्व्हर सेटिंग्ज'च्या पानावर वीस-पंचवीस रकाने दिसतात, त्यांत काय भरायचं?

भाऊ, माझ्याकडचे आकडे तुम्हाला देऊन उपयोग नाही. ते माझ्या खोलीचे आहेत. भुसावळ, चाळीसगाव, शिरपूर, धुळे अशा बऱ्याच ठिकाणी हे काम केलंय आणि प्रत्येक खोलीचे आकडे वेगळे निघाले. ते काढायचे कसे, एवढं सांगतो. त्याआधी न उठलेल्या तीन सर्व्हरचं बघू, कारण त्याचं उत्तर बहुधा सॉफ्टवेअरमध्ये नाहीच.

त्या तिघांचं बायोस (सर्व्हर चालू होतानाच्या मूळ सेटिंग्जचं पान) उघडा, नाहीतर रिमोट मॅनेजमेंटच्या, म्हणजे सर्व्हर दुरून हाताळायच्या, पानावर जा. वीज परत आल्यावर काय करायचं, अशी एक सेटिंग असते. तिला तीन पर्याय: कायम चालू हो, आधी होतास तसा हो, बंदच राहा. बरेच जण मधला पर्याय ठेवतात, कारण तो ऐकायला शहाणपणाचा वाटतो. पण जरा विचार करा. सॉफ्टवेअरने सर्व्हर रीतसर बंद केला, म्हणजे वीज तुटली त्या क्षणी तो 'बंद' होता. वीज आल्यावर तो इमानदारीत बंदच राहतो. त्याची चूक काहीच नाही. 'कायम चालू हो' हा पर्याय निवडा. तिथेच उठण्याआधी थांबण्याचा वेळही भरता येत असेल तर प्रत्येकाला वेगळा भरा. सगळे एकाच सेकंदाला उठले तर सुरुवातीचा करंट एकदम ओढला जातो, आणि स्टोरेज तयार नसताना डेटाबेस दार ठोठावत बसतो.

आता यातला चोरखड्डा. 'कायम चालू हो' ठेवूनही सर्व्हर न उठण्याची एक वेळ असते, आणि आपल्याकडे ती वारंवार येते. लाईट गेली, सॉफ्टवेअरने ठरल्या मिनिटाला सर्व्हर बंद करायला घेतले, तीन बंद झाले, आणि तेवढ्यात वॉचमनने खालून आवाज दिला, "भाऊ, लाईट वनी!" यूपीएसचं आउटपुट क्षणभरही तुटलेलं नाही. त्या तीन सर्व्हरच्या दृष्टीने वीज कधी गेलीच नव्हती, तेव्हा ती 'परत येण्याचा' प्रश्नच नाही. ते बंद पडून राहतात, आणि सकाळी साडेदहाला काउंटरवर रांग लागली की कळतं.

यावर उपाय असा की एकदा बंद करायला सुरुवात झाली की मधे लाईट आली तरी थांबायचं नाही. सगळे सर्व्हर बंद होऊ द्यायचे, शेवटी यूपीएसला आउटपुट तोडायला लावायचं आणि थोड्या वेळाने परत द्यायला लावायचं. मगच सर्व्हरना वीज आल्याचं कळतं. नेटवर्क यूपीएस टूल्स हे मोफत सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यात ही रीत आधीपासून आहे. यूएसबीने जोडलेल्या यूपीएसच्या ड्रायव्हरमध्ये आउटपुट तोडण्याआधी २० सेकंद आणि परत देण्याआधी ३० सेकंद असे आकडे मुळात भरलेले असतात. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा हवा, नाहीतर यूपीएस तोडतच नाही किंवा विचित्र वागतो. यूपीएसमधल्या नेटवर्क कार्डवरून चालणारं दुसरं कुठलं सॉफ्टवेअर असेल तर तोडण्याआधीचा वेळ तिथे हुकूम गेल्यापासून मोजला जातो, म्हणून तो शेवटच्या यंत्राच्या बंद होण्याच्या वेळेपेक्षा ऐसपैस मोठा ठेवा. मी सहसा दुप्पट धरतो. आणि आउटपुट तोडल्यावर यूपीएस आपोआप परत चालू होतो का, हे डोळ्यांनी बघा. काही यूपीएसमध्ये त्यासाठी पॅनेलवर वेगळी सेटिंग असते आणि ती बंद असते.

आता वेळेचा हिशोब. सगळं काम इथे आहे.

सॉफ्टवेअर तुम्हाला 'उरलेला वेळ ४८ मिनिटं' असं दाखवत असेल. त्यावर विश्वास ठेवू नका. तो आकडा यूपीएस लोड आणि चार्जवरून अंदाजाने काढतो, बॅटरी नवी आहे असं धरून. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांवर मोजलेलं असतं, आणि त्यावर दर १० अंशांना ते साधारण निम्मं होतं. आपल्याकडे बॅटरी ठेवतात जिन्याखाली किंवा गच्चीला लागून असलेल्या खोलीत, आणि जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात बाहेर ४४-४५ अंश असतं. पाच वर्षांची म्हणून घेतलेली बॅटरी दोन-अडीच वर्षांत म्हातारी होते, पण यूपीएसला ते कळत नाही. तो अजून तिला तरणीताठी समजतो. मी एका ठिकाणी ५० मिनिटं दाखवणारा यूपीएस १९ मिनिटांत आडवा झालेला पाहिलाय.

म्हणून रविवारी, संध्याकाळचं बॅकअप झाल्यावर, मेन एमसीबी खाली ओढा आणि घड्याळ लावून बसा. जनरेटर त्या वेळी हाताने बंद ठेवा. लोड रोजच्या इतका हवा, नाहीतर मोजमापाला अर्थ नाही. बॅटरी पूर्ण रिकामी करू नका. यूपीएसने 'बॅटरी लो'चा इशारा दिला की थांबा आणि तोवरचा वेळ लिहून ठेवा. मग वेगळ्या रविवारी एकेक सर्व्हर बंद करून त्याला किती वेळ लागतो ते लिहा. डेटाबेसला तर दोनदा मोजा. एकदा शांत असताना, आणि एकदा दिवसअखेरचं काम चालू असताना. दुसरा आकडा पहिल्याच्या तिप्पट निघाला तरी दचकू नका. आपल्याला तोच धरायचाय.

समजा इशाऱ्यापर्यंत बॅटरी २४ मिनिटं पुरली. ॲप्लिकेशनचे व्हर्च्युअल सर्व्हर (एकाच यंत्रावर सॉफ्टवेअरने उभे केलेले सर्व्हर) सगळे एकत्र बंद व्हायला ३ मिनिटं, डेटाबेसला ४, व्हर्च्युअल सर्व्हर ज्यांच्यावर चालतात त्या दोन यजमान सर्व्हरना अडीच, स्टोरेजला दीड. बेरीज ११. आता २४ पैकी चौथाई, म्हणजे ६ मिनिटं, बॅटरी पुढच्या उन्हाळ्यात आणखी खराब होईल म्हणून बाजूला ठेवा. उरली ७. म्हणजे लाईट गेल्यावर सातव्या मिनिटाला बंद करायला सुरुवात. 'बॅटरीवर इतका वेळ गेल्यावर' या रकान्यात ७ मिनिटं जातात. ते सेकंदांत मागत असेल तर ४२०. हा रकाना नीट वाचा. ४२० मिनिटं भरून ठेवलेलं सॉफ्टवेअर मी पाहिलंय, आणि ते वर्षभर हिरवा दिवा दाखवत बसलं होतं.

ही सात मिनिटं कुणासाठी ठेवलीत? जनरेटरसाठी. तुमच्या जनरेटरला स्वतःहून चालू होणारं पॅनेल असेल तर तो अर्ध्या मिनिटाच्या आत लोड घेतो आणि सात मिनिटं ही चैन आहे. पण हाताने चालू करायचा असेल तर रात्रपाळीच्या वॉचमनने जागं होणं, टॉर्च शोधणं, डिझेल बघणं, चेंजओव्हर फिरवणं, हे सगळं त्यात बसायला हवं. त्याचाही वेळ मोजा, आणि त्याला न सांगता मोजा. एका ठिकाणी तो साडेनऊ मिनिटं आला. मग आम्ही सॉफ्टवेअरचा आकडा बदलला नाही, टॉर्च आणि किल्लीची जागा बदलली. पुढच्या वेळी चार मिनिटं लागली.

'उरलेला वेळ इतका झाला की' हा दुसरा रकानाही भरून ठेवा, पण जोडीला म्हणून. दोन्हींतलं जे आधी होईल त्यावर काम सुरू व्हावं. नेमका तुमच्या बेरजेचा ११ मिनिटांचा आकडा तिथे टाकू नका. यूपीएस आशावादी आहे हे आताच बोललो, तेव्हा १८ ते २० टाका.

क्रमाबद्दल. तुमच्याकडे डेटाबेस आधी गेला, कारण सॉफ्टवेअरने सगळ्यांना एकाच वेळी हुकूम सोडला आणि जो चपळ तो आधी झोपला. गट पाडा. पहिला गट ज्यांच्यावर कुणी अवलंबून नाही त्यांचा: रिपोर्ट, चाचणीचे सर्व्हर, बाहेरच्यांना पानं दाखवणारा वेब सर्व्हर. दुसरा ॲप्लिकेशनचा. तिसरा डेटाबेस. चौथा यजमान सर्व्हर, आणि शेवटी स्टोरेज. नावं ओळखून देणारा डोमेन सर्व्हर शेवटच्या गटांत ठेवा, तो आधी गेला तर बाकीचे लॉगिन आणि नावं शोधत ताटकळतात आणि त्यांचा बंद होण्याचा वेळ दुप्पट होतो. पहिल्या गटाला तर सात मिनिटं थांबायचीही गरज नाही. त्याला दुसऱ्याच मिनिटाला घरी पाठवा, तेवढा लोड कमी होतो आणि बॅटरी बाकीच्यांना पुरते. दोन गटांमधलं अंतर म्हणजे आधीच्या गटाचा मोजलेला वेळ. उठवताना क्रम उलटा, आणि त्यात सगळ्यांत आधी नेटवर्क स्विच.

व्हर्च्युअल सर्व्हर असतील तर दोन गोष्टी तपासा. प्रत्येकात पाहुण्याची टूल्स (गेस्ट टूल्स, म्हणजे यजमानाचा हुकूम आत ऐकणारं छोटं सॉफ्टवेअर) बसलेली आहेत का? नसतील तर 'रीतसर बंद कर' हा हुकूम आत पोचतच नाही, आणि वेळ संपल्यावर यजमान सरळ त्याची वीज काढतो. आणि ते पॉवर मॅनेजमेंटचं सॉफ्टवेअर स्वतः कुठे बसवलंय? त्याच यजमानावर एखाद्या व्हर्च्युअल सर्व्हरमध्ये असेल तर ज्या फांदीवर बसलोय तीच तोडायचा प्रकार होतो. ते स्वतः आधी बंद होतं आणि स्टोरेजला हुकूम द्यायला कुणी उरत नाही. एक जुना डेस्कटॉप किंवा छोटा मिनी पीसी वेगळा ठेवा, तो यूपीएसवरच जोडा, आणि यादीत सगळ्यांत शेवटी घाला. यजमान एकमेकांचं काम आपोआप उचलण्याच्या जोडणीत असतील तर ती सोय बंद करण्याच्या वेळेपुरती थांबवायला सॉफ्टवेअरला सांगावं लागतं, नाहीतर एक यजमान झोपवला की त्याचे सर्व्हर दुसऱ्यावर उठून बसतात. लहान मुलांना झोपवण्यासारखंच ते.

यूपीएसशी बोलण्याच्या सेटिंग्ज. कार्डाला कायमचा आयपी पत्ता द्या, आणि सॉफ्टवेअरमध्ये नाव न भरता तोच पत्ता भरा. लाईट गेल्यावर नावं सांगणारा सर्व्हर जागा असेलच असं नाही. एसएनएमपी (नेटवर्कवरून उपकरणांची विचारपूस करायची पद्धत) वापरत असाल तर विचारणा पोर्ट १६१ वर आणि यूपीएसने आपणहून पाठवलेले इशारे १६२ वर येतात. सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये दुसरं उघडायचं हमखास राहतं. दोन्ही यूडीपी आहेत, टीसीपी उघडून उपयोग नाही. 'पब्लिक' आणि 'प्रायव्हेट' हे मुळातले परवलीचे शब्द आजच्या आज बदला. 'प्रायव्हेट'ला बऱ्याच कार्डांवर यूपीएस बंद करायचा अधिकार असतो, म्हणजे पतसंस्थेच्या नेटवर्कवर बसलेला कुणीही तुमची खोली काळोखात टाकू शकतो. कार्डाला एसएनएमपीची तिसरी आवृत्ती येत असेल तर तीच वापरा, पासवर्ड आणि एन्क्रिप्शन दोन्हींसह.

आकडे वाचताना एक गंमत होते. यूपीएससाठी ठरलेली जी सर्वसाधारण माहितीरचना आहे, आरएफसी १६२८ (इंटरनेटच्या मानकांच्या मालिकेतला एक दस्तऐवज), १९९४ ची, तिच्यात बॅटरीचं व्होल्टेज दशांशात येतं. १६ बॅटऱ्यांच्या संचाला २१८४ दिसलं तर ते २१८.४ व्होल्ट. फ्रिक्वेन्सीही तशीच, ४९८ म्हणजे ४९.८ हर्ट्झ. पण इनपुट व्होल्टेज सरळ व्होल्टमध्येच येतं. कुणी घाईत सगळ्यांनाच दहाने भागायला लावलं, की इनपुट २३ व्होल्ट दिसतं आणि सॉफ्टवेअर रात्रभर बोंब मारत राहतं. मग वैतागून कुणीतरी इशारेच बंद करून टाकतो.

संपर्क तुटला तर काय करायचं, हा रकाना मोकळा ठेवू नका. लाईट असताना कार्डाशी संपर्क तुटला तर फक्त निरोप, बंद करणं नाही. बॅटरीवर असताना तुटला तर मात्र वाईटात वाईट धरून लगेच बंद करायला घ्यावं. आणि संपर्क तुटण्याचं सगळ्यांत साधं कारण आधी बघून घ्या: मधला नेटवर्क स्विच यूपीएसवर आहे का? मी हे विचारतो तेव्हा सगळे 'हो' म्हणतात. मग वायर धरून चालत गेलं की ती भिंतीवरच्या साध्या सॉकेटला जाऊन भेटते, कारण ज्या दिवशी स्विच बदलला त्या दिवशी यूपीएसच्या पट्टीवर जागा नव्हती. लाईट गेली की सर्व्हर जागे, यूपीएस जागा, सॉफ्टवेअर जागं, आणि मधला निरोप्याच मेलेला.

ज्या खात्याने सॉफ्टवेअर सर्व्हरमध्ये शिरतं, त्याला फक्त बंद-चालूचा अधिकार द्या. ॲडमिनचं खातं देऊ नका. आणि त्याच्या पासवर्डची मुदत ९० दिवसांनी संपणाऱ्या नियमातून त्याला वगळा, किंवा बदलण्याची तारीख कॅलेंडरवर लिहा. ही चूक चाचणीत सापडत नाही, चौथ्या महिन्यात सापडते. घड्याळं सगळी एकाच वेळ-सर्व्हरवर लावा. यूपीएसच्या कार्डाचं घड्याळ हमखास मागच्या शतकात असतं आणि मग घडलेल्या गोष्टींचा क्रम लावता येत नाही.

परत उठण्याकडे येतो, कारण खानदेशात खरी परीक्षा तिथे आहे. मे अखेर ते जून, पावसाआधीची वादळं. रावेर-यावलकडच्या केळीच्या बागा एका संध्याकाळी आडव्या होतात, तारांवर फांद्या पडतात. अशा रात्री लाईट दहा मिनिटं येते, पाच मिनिटं जाते, परत येते. तुमचे सर्व्हर पहिल्यांदा बंद झाले तेव्हा बॅटरी जवळपास संपलेली. लाईट येताच ते उठले, आणि अजून डेटाबेस डोळे चोळतोय तोवर लाईट पुन्हा गेली. आता रीतसर बंद व्हायला बॅटरीत दमच नाही. दुसऱ्या झटक्यात सगळं धाडकन पडतं, आणि डेटाबेसची वाट लागते ती या दुसऱ्या झटक्यात.

म्हणून 'आउटपुट परत देण्याआधी बॅटरीत किमान इतका चार्ज' हा रकाना शोधा. तो बहुतेक वेळा शून्यावर असतो. त्यात एवढा आकडा हवा की त्या चार्जवर एकदा पूर्ण बंद होता येईल. आपल्या हिशोबात २४ पैकी ११ मिनिटं, म्हणजे ४६ टक्के. थोडा वर, ५५ ते ६० ठेवा. संस्थेचे मॅनेजर म्हणतील की लाईट आली तरी सर्व्हर का येत नाहीत. त्यांना आधीच सांगून ठेवा की बॅटरी भरायला तास-दीड तास लागू शकतो. दिवसा, जनरेटर पक्का चालू असताना हाताने लवकर उठवायची मुभा ठेवा, पण ती एकाच माणसाकडे. जोडीला, लाईट सलग ५ मिनिटं टिकल्याशिवाय 'आली' असं धरू नका.

जनरेटरवर एक अडचण वेगळी येते. लहान जनरेटरवर एसीचा कॉम्प्रेसर चालू झाला की फ्रिक्वेन्सी हलते, यूपीएसला ते पटत नाही आणि तो परत बॅटरीवर जातो. सॉफ्टवेअरला वाटतं लाईट गेली, मिनिटं मोजायला लागतं. यूपीएसमध्ये इनपुट फ्रिक्वेन्सीची मर्यादा थोडी सैल करता येते, आणि जनरेटरवर असताना बॅटरी भरण्याचा करंट कमी करता येतो. दोन्ही करून घ्या, पण यूपीएसच्या सर्व्हिसवाल्याला समोर बसवून. तो पॅनेलचा पासवर्ड तसाही देत नाही.

तापमानाचा रकाना आपल्याकडे बॅटरीच्या रकान्याइतकाच महत्त्वाचा. यूपीएसवर सर्व्हर असतात, एसी नसतो. ४ किलोवॉटचा लोड म्हणजे ताशी १३,६५० बीटीयूच्या आसपास उष्णता, एका टनाहून जास्त एसीचं काम. लाईट गेली की हा सगळा जाळ बंद खोलीत. सर्व्हरच्या आत येणारी हवा १८ ते २७ अंश असावी असं ॲशरे ही वातानुकूलनाच्या अभियंत्यांची संस्था सांगते. तुम्ही ३० ला निरोप, ३३ ला पहिला गट बंद, ३८ ला सगळे, असं ठेवा. सेन्सर रॅकच्या पुढच्या दारावर, छातीच्या उंचीला. एसीच्या झोताखाली लावलेला सेन्सर कायम खूश असतो.

पॉवर कॅपिंगचं, म्हणजे सर्व्हरने किती वीज खायची त्याला मर्यादा घालायचं, पान सध्या सोडून द्या. सहा सर्व्हरच्या खोलीत त्याचा फायदा थोडा आहे, आणि डेटाबेसवर मर्यादा घातली तर तो बंद व्हायलाच जास्त वेळ घेतो, म्हणजे आपली बेरीज बिघडते. करंटचा इशारा मात्र लावा. रॅकमधल्या ३२ अँपिअरच्या वीजपट्टीवर ८० टक्के म्हणजे २५.६ ही कमाल. दोन पट्ट्यांवर दुहेरी सप्लायचे सर्व्हर असतील तर प्रत्येकीवर त्याच्या निम्मे, १२.८, कारण एक पट्टी गेली की सगळा भार दुसरीवर येतो. हे दोन पट्ट्यांचे सर्व्हर लोक विसरतात आणि एकीवर २० अँपिअर दिसले तरी 'अजून जागा आहे' म्हणतात.

सगळं भरून झालं की पुन्हा एक रविवार, मार्चअखेर सोडून. एमसीबी ओढायचा, कुणी कशाला हात लावायचा नाही. नवव्या-दहाव्या मिनिटाला, अर्धे सर्व्हर बंद झालेले असताना, एमसीबी वर करायचा. तुमची मागची रात्र नेमकी तीच होती. सहाच्या सहा उठले तर सेटिंग्जचा स्क्रीनशॉट काढून मोजलेल्या वेळांसकट छापा आणि रॅकच्या दाराला चिकटवा, खाली तारीख आणि बॅटरी बसवल्याचा महिना घालून. एखादा उठला नाही तर त्याचं बायोस आधी बघा.

बॅटरीचं मोजमाप मात्र दर फेब्रुवारीत, उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा करा. २४ ची १६ झाली तर ११ मिनिटांची बेरीज आणि ४ मिनिटांची चौथाई वजा करून जनरेटरला एकच मिनिट उरतं, आणि वॉचमनला चार लागतात. त्या वेळी सॉफ्टवेअरशी खेळत बसू नका, बॅटरीचं कोटेशन मागवा.